धागा: गेम्सवर संशोधन करणारे मानव्यविद्येचे प्राध्यापक: तासिका, घर आणि 'खेळणं' यांची घडी कशी बसवायची?

पटावरची_सोंगटी
इंग्रजी, मराठी, इतिहास, माध्यमविद्या अशा विभागांत राहून व्हिडिओ गेम किंवा जुने पटखेळ यांवर काम करणाऱ्यांसाठी हा धागा काढत आहे. कादंबरी हातात घेऊन बसलेला प्राध्यापक घरच्यांना काम करताना दिसतो. कंट्रोलर हातात दिसला की तोच माणूस रिकामा ठरतो आणि "जरा दूध आणतोस का" सुरू होतं. कॉलेजातही निराळं नाही. विभागप्रमुखांच्या लेखी तुम्ही मजा करता, त्यामुळे नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) फाइल तुमच्याच टेबलावर येऊन पडते.
विचारायचं ते असं. आठवड्यात खेळण्याला खरोखर किती तास मिळतात? कुठला गेम अभ्यासाला घ्यायचा, कुठला टाळायचा? नोंदी आणि रेकॉर्डिंग कसं ठेवायचं, म्हणजे तेच पुन्हा खेळावं लागणार नाही? घरात लहान मूल असेल तर? आणि रजा, पदोन्नती यांचं गणित?
रडगाणी नकोत, तोडगे हवेत. आकड्यांसकट सांगितलंत तर उत्तम.

मोजूनमापून
आकड्यांपासूनच सुरू करतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत आठवड्याचे ४० तास, वर्षाचे ३० आठवडे, म्हणजे १८० अध्यापन दिवस धरले आहेत. त्यात सहायक प्राध्यापकाला प्रत्यक्ष अध्यापन १६ तास, सहयोगी आणि प्राध्यापकांना १४. तासिका ४८ मिनिटांची असेल तर १६ तासांच्या २० तासिका होतात. वेळापत्रकात हा आकडा एकदा तपासून घ्या. ६० मिनिटांच्या २० तासिका गळ्यात मारलेल्या अनेक ठिकाणी आढळतात आणि कुणी बोलत नाही.
उरलेल्या २४ तासांत तयारी, अंतर्गत मूल्यमापन, मेंटॉर-मेंटी, समित्या. संशोधनाला त्यातून ६ तास काढता आले तरी पुष्कळ. हे ६ तास रोज एक असे वाटू नका. गेम उघडणं, पॅच (गेममधल्या दुरुस्त्या) उतरवणं, मागच्या वेळी कुठे होतो ते आठवणं यात पहिली वीस मिनिटं जातात. एक-एक तासाचे सहा तुकडे पाडलेत तर दोन तास नुसते दार उघडण्यात गेले. त्यापेक्षा ३ तासांच्या दोन बैठका: २० मिनिटं उघडणं, २ तास खेळणं, ४० मिनिटं नोंदी. नोंदींची ४० मिनिटं दुसऱ्या दिवसावर ढकलली की ती बैठक वाया गेली असं धरा. चौकात उजवीकडे का वळलो हे रात्रभरात विसरायला होतं.
वर्षाची आखणीही यातच येते. जूनमध्ये प्रवेश, ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलला परीक्षा आणि कॅप (उत्तरपत्रिकांची केंद्रीय तपासणी). या काळात संशोधनाच्या नावाने शून्य तास लिहा, म्हणजे अपराधीपणाही शून्य. खेळण्याचा हंगाम जुलैचा मध्य ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी. लिखाण मे महिन्यात. दिवाळीच्या सुट्टीत लिखाण करू असं जे म्हणतात, त्यांच्या घरी फराळ दुसरं कुणीतरी करत असतं.

सेव्हपॉइंट
@मोजूनमापून, हिशेब पटला. त्याला जोडून गेम निवडण्याचा हिशेब.
मुख्य कथा संपवायला किती तास लागतात याचे सरासरी आकडे हाऊलाँगटूबीट या संकेतस्थळावर मिळतात. ते आकडे मजेसाठी खेळणाऱ्यांचे. अभ्यासासाठी खेळताना थांबून बघणं, मागचं सेव्ह उघडून दुसरा पर्याय तपासणं, मेन्यूतला मजकूर वाचणं हे सगळं असतं, म्हणून आकडा दीडपट धरा. शिवाय मूळ आकड्याच्या निम्मे तास नोंदींचे. म्हणजे २५ तासांचा गेम (डिस्को एलिसियम साधारण त्या घरात आहे) ३७.५ अधिक १२.५, एकूण ५० तासांचा झाला. वरच्या दोन बैठकांतली उघडण्याची वीस-वीस मिनिटं वजा केली तर आठवड्याला ५ तास २० मिनिटं हाती राहतात. साडेनऊ आठवडे लागले. सत्र पंधरा आठवड्यांचं धरलं तर बसतं.
आता द विचर ३ घ्या. मुख्य कथाच ५० तासांच्या आसपास. म्हणजे १०० तास, जवळपास एकोणीस आठवडे. एका सत्रात हा गेम बसत नाही, आणि बसवायला गेलं की ते तास झोपेतून किंवा घरातून चोरले जातात. शोधनिबंधाचा विषय ठरवण्याआधी हा भागाकार करा. पीएचडीच्या विद्यार्थ्याकडूनही आराखड्यातच करून घ्या.
दुसऱ्या टोकाला व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच दोन तासांचा, वेंबा दीडेक तासाचा, फ्लोरेन्स तासाभराच्या आत. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा राजी (२०२०) पाच-सहा तासांचा. असा गेम तीनदा खेळून एकदा लिहिता येतो. साहित्याच्या माणसाला लागणारं बारकाईचं वाचन इथेच जमतं. लहान गेमवर लिहिणं म्हणजे हलकं काम, असा एक समज परीक्षकांत आहे. कथा आणि कवितेच्या बाबतीत तो आपण कधीच सोडून दिला, इथेही सोडावा.

उंटावरचा_शहाणा
दोघांचेही हिशेब शिस्तीचे आहेत, पण गेम संपवलाच पाहिजे हे कुणी सांगितलं?
गेम-अभ्यासक एस्पेन आर्सेथ यांनी २००३ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत मांडलेल्या निबंधात खेळण्याचे थर लावले आहेत: वरवरचं खेळणं, हलकं खेळणं, काही भाग पूर्ण करणं, संपूर्ण पूर्ण करणं, पुनःपुन्हा खेळणं, तज्ज्ञाप्रमाणे खेळणं आणि नव्या वाटा काढून खेळणं. कुठल्या प्रश्नाला कुठला थर पुरतो हे आधी ठरवायचं. शेवट कसा केला आहे यावर लिहायचं असेल तर शेवटापर्यंत जावंच लागेल. पण मेन्यूची भाषा, पात्र निवडताना दिलेले जात-वंश-लिंगाचे पर्याय, पहिल्या तासात खेळाडूला नियम कसे शिकवले आहेत, यांवर लिहायचं असेल तर ५० तास कशाला? असे दहा गेम प्रत्येकी दोन तास खेळलात तर तौलनिक निबंध तयार होतो.
मात्र निबंधात सरळ लिहायचं: 'मुख्य कथेचे पहिले तीन अध्याय खेळले, उर्वरित भाग ध्वनिचित्रफितींवरून पाहिला.' लपवायचं नाही. आणि यूट्यूबवरच्या फितींत एक गोम असते. फीत टाकणारा खेळाडू हुशार असतो, मरतो ते कापून टाकतो आणि कंटाळवाणा भाग वेगाने पळवतो. त्यामुळे गेम किती अवघड आहे आणि मधे किती वेळ काहीच घडत नाही, या दोन गोष्टींबद्दल फितीवरून काहीही विधान करू नका. संवाद, दृश्यं, शेवट यांच्यासाठी फीत चालते.

मोजूनमापून
@उंटावरचा_शहाणा, मान्य, पण एक पुस्ती. स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) दिसणारा खेळल्याचा आकडा निबंधात देऊ नका. गेम पॉज करून जेवायला गेलात तरी तो चालूच राहतो. स्वतःच्या नोंदवहीतले तास द्या.

काचेची_गोटी
रेकॉर्डिंगबद्दल सविस्तर लिहिते, कारण तेच खेळ पुन्हा खेळण्यात जितके तास जातात तितके दुसऱ्या कशातच जात नाहीत.
पीसीवर ओबीएस स्टुडिओ हे पडदा रेकॉर्ड करणारं साधन, फुकट आहे. १०८०पी, ३० फ्रेम, ६००० केबीपीएस. अभ्यासाला एवढं स्पष्ट पुरतं. तासाला २.७ जीबी होतात, म्हणजे ५० तासांचे १३५ जीबी. १ टीबीच्या डिस्कवर असे सात गेम राहतात. एन्कोडर (चित्र दाबून फाइलमध्ये बसवणारा भाग) ग्राफिक्स कार्डाचा निवडा. प्रोसेसरवर टाकलात तर जुना लॅपटॉप गेम आणि रेकॉर्डिंग दोन्ही ओढत नाही आणि चित्र अडखळतं.
फाइल एमकेव्हीमध्ये ठेवा. साधं एमपी४ रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली किंवा गेम कोसळला तर पूर्ण फाइल उघडेनाशी होते. एमकेव्ही असेल तर तोपर्यंतचा भाग शाबूत राहतो. नंतर ओबीएसच्याच 'रीमक्स'ने एमपी४ करता येतं, मिनिटभराचं काम.
आवाज दोन वेगळ्या ट्रॅकवर: गेमचा पहिल्यावर, तुमच्या माइकचा दुसऱ्यावर. खेळताना डोक्यात येईल ते मराठीत बोलत जा, "इथे पर्याय तीन दिलेत पण उत्तर एकच येतंय" वगैरे. लिहायला थांबावं लागत नाही, लय तुटत नाही. हे बोलणं नंतर संपूर्ण उतरवून काढू नका. एका तासाचं बोलणं उतरवायला चार ते सहा तास लागतात, आणि मराठी-हिंदी-इंग्रजीची खिचडी आपोआप उतरवणाऱ्या साधनांना झेपत नाही. बैठक संपल्यावर ४० मिनिटांत फक्त ज्या क्षणांवर लिहायचं आहे त्यांच्या वेळा टिपा: '१:१२:४०, दार उघडत नाही, कारण सांगत नाही'. सत्राअखेर तेवढेच तुकडे बघायचे.
नोंदवहीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर सहा गोष्टी: तारीख, यंत्र, गेमचा बिल्ड (आवृत्ती) क्रमांक, काठिण्यपातळी, सेव्हचं नाव, आजचा प्रश्न. बिल्ड क्रमांक स्टीमवर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये अपडेट्सखाली दिसतो. तिथेच 'गेम उघडेन तेव्हाच अपडेट कर' हाही पर्याय आहे, तो लावून ठेवा. पॅचमुळे संवाद बदलतात, पातळी सोपी होते, मग तुमचं विधान आणि परीक्षकाच्या समोरचा गेम जुळत नाही.
सेव्ह फाइलची प्रत दर बैठकीनंतर तारखेच्या फोल्डरमध्ये. क्लाउडवर भरवसा ठेवू नका, दुसऱ्या यंत्रावरचं जुनं सेव्ह नव्यावर चढलं की संपलं.
पीएस५ असेल तर कन्सोल स्वतः एका वेळी जास्तीत जास्त ६० मिनिटांची फीत घेतं. कॅप्चर कार्ड (कन्सोलचं चित्र पीसीवर रेकॉर्ड करणारं उपकरण) लावायचं तर आधी सेटिंगमध्ये एचडीसीपी (नक्कल रोखणारं कुलूप) बंद करावं लागतं, नाहीतर पडदा काळा येतो. कार्ड बिघडलं समजून लोक परत करतात.

पटावरची_सोंगटी
काचेची_गोटी, हे छापूनच ठेवते. धन्यवाद.
आता घराकडे वळू या का? लहान मूल, सासू-सासरे, एकच टीव्ही, दोन खोल्या, अशी चौकट धरून सांगा. शिवाय ऑनलाइन गेमवर काम असेल तर?

अंगाई_आणि_कंट्रोलर
सोंगटीताई, अशा घरात सगळ्यात आधी बघायचं ते गेम मधेच सोडता येतो की नाही.
कुठेही सेव्ह करू देणारे किंवा यंत्रच झोपवून पुन्हा तिथूनच सुरू करता येणारे (पीएस५चा रेस्ट मोड, एक्सबॉक्सचा क्विक रिझ्यूम, स्टीम डेक) निर्धास्त घ्या. मूल रडलं, बटण दाबलं, उठलं. ठरावीक ठिकाणीच सेव्ह होणारे गेम असतील तर बैठकीआधी पुढचा सेव्हपॉइंट किती लांब आहे ते वाटाड्या-पानावर (गेम कसा पार करायचा ते सांगणाऱ्या वेबपानावर) बघून घ्या. "पाचच मिनिटं" चं अर्धा तास होतं ते इथेच, आणि भांडणही इथेच होतं.
सर्वात वाईट म्हणजे चालू ऑनलाइन सामने. व्हॅलोरंट या सांघिक नेमबाजी गेममध्ये आधी १३ फेऱ्या जिंकणारा संघ विजयी, सामना सहज अर्धा-पाऊण तास चालतो, आणि मधे उठलात तर दंड म्हणून पुढच्या सामन्यांना रोखतात. चार अनोळखी सहकाऱ्यांचा खोळंबा होतो तो वेगळाच. बीजीएमआयचा (पब्जीचा भारतीय अवतार) पूर्ण सामनाही अर्ध्या तासाच्या घरात जातो. घरात दुसरा मोठा माणूस जागा आणि मोकळा असेल तेव्हाच हे उघडा. नसेल तेव्हा रेकॉर्ड झालेले सामने आणि प्रक्षेपणं पाहण्याचं काम करा, ते कधीही थांबवता येतं.
खेळाडूंच्या मुलाखती हा दुसरा सापळा. कॉलेजची मुलं रात्री दहानंतर मोकळी होतात. संशोधक त्यांच्यामागे रात्रीचा होतो आणि सकाळी साडेसातची तासिका झोपेत घेतो. आठवड्यातल्या दोनच रात्री ठरवा, त्या आधी जाहीर करा आणि मुलाखत ४५ मिनिटांत संपवा. डिस्कॉर्डसाठी (खेळाडूंचं गप्पांचं अॅप) वेगळं खातं ठेवा. त्याच्या ओळखीत संशोधक असल्याचं स्पष्ट लिहा. सूचना बंद, दिवसातून एकदाच उघडायचं. अठरा वर्षांखालची मुलं असतील तर पालकांची लेखी संमती आधी. हे नंतर गोळा करू म्हटलं की कधीच होत नाही आणि ती मुलाखत वापरता येत नाही.
टीव्ही एकच असेल तर कन्सोलचा हट्ट सोडा. रिमोट प्लेने तोच गेम लॅपटॉपवर येतो, फक्त कन्सोल आणि राउटर यांच्यात तार हवी. दोन्हीकडे वायफाय ठेवलंत तर बटण दाबल्यावर पात्र उशिरा हलतं. हेडफोन आणि सबटायटल कायम चालू, एक कान घराकडे. १८ वर्षांवरचा गेम मूल झोपल्यावरच, आणि पडद्याची पाठ दाराकडे येईल असं टेबल लावून.
आणि हो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर या दोन बैठका लिहून टाका. 'संशोधन, मंगळवार ९ ते १२' असं दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेलं असलं की सासूबाईसुद्धा त्या वेळी हाक मारत नाहीत. लिहिलेलं नसेल तर तुम्ही खेळताय, बस्स. पण बारा वाजता उठलंच पाहिजे. एकदा साडेबारा झाले की त्या कॅलेंडरला कुणी भीक घालत नाही.

उंटावरचा_शहाणा
एक गेम असा ठेवा ज्यावर कधीही लिहायचं नाही. ना नोंद, ना रेकॉर्डिंग. नाहीतर खेळण्याची चवच जाते.

काचेची_गोटी
हे ऐकायला गोड आहे, पण आठवड्याचे ६ तास कसेबसे काढणाऱ्याने तो आणखी एक गेम कुठून आणायचा? त्यापेक्षा संध्याकाळी बॅडमिंटन खेळा किंवा झोपा. दिवसभर पडद्यासमोर असलेल्या माणसाची विश्रांतीही पडद्यासमोरच कशाला? अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं की कंट्रोलर पंधरवडाभर बाजूला ठेवावा लागतो, तेव्हा नोंदींचं काम काढा. पहिल्या पुरुषातले (पात्राच्या डोळ्यांतून दिसणारे) त्रिमिती गेम खेळताना मळमळत असेल तर फील्ड ऑफ व्ह्यू (पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याचा कोन) ६० वरून ९० करा, मोशन ब्लर आणि चालतानाचं डोकं हलणं बंद करा. बहुतेकांचं भागतं.

दगडगोटे
इथे सगळे पडद्यावरचेच दिसतात. लेण्यांत आणि किल्ल्यांवर पायऱ्यांत, ओसरीत कोरलेल्या पटखेळांवर काम करणाऱ्यांचं वेळापत्रक निराळं असतं, त्याबद्दल थोडं.
हे काम रविवारचं आहे आणि रविवार घराचा असतो. सुटका एकच: उजेड. कोरीव खळगे आणि रेषा नीट दिसतात त्या तिरप्या उन्हात, सूर्योदयानंतरचा तास-दीड तास. डोक्यावर ऊन आलं की खळगा सपाट दिसतो. म्हणजे काम नऊला संपतं आणि उरलेला दिवस घरच्यांचा. उलट करायला गेलात, आधी सहल आणि मग काम, तर दोन्ही फसतात.
सोबत १० सेंटिमीटरची मोजपट्टी, मऊ ब्रश, खोली मोजायला व्हर्निअर, छोटी बॅटरी. प्रत्येक पटाचे तीन फोटो: वरून, तिरपा आणि आजूबाजूच्या जागेसकट. शेवटचा विसरतात. पट दारापाशी आहे की पाण्याच्या टाक्यापाशी, यावरच कोण खेळत होतं याचा अंदाज बांधता येतो. खळग्यांचा व्यास आणि खोली मिलिमीटरमध्ये लिहा. सात-सात खळग्यांच्या दोन ओळी असतील तर मंकला जातीचा (खळग्यांत बिया टाकत फिरवण्याचा) खेळ, एकात एक तीन चौकोन असतील तर नवकंकरी. खडूने रेषा भरून फोटो काढणं बंद करा, दगडाचं नुकसान होतं आणि मूळ रेष कुठली तेही कळेनासं होतं. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्थळी तिवईला परवानगी लागते, हातातला कॅमेरा चालतो.
हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात शेवाळ, घसरण, आणि काहीच दिसत नाही. तेव्हा घरबसल्या सारीपाटाचे ९६ घरांचे पट किंवा सावंतवाडीची १२० पानांची दशावतारी गंजिफा यांवरचं वाचन करा. हे खेळ घरातल्या सगळ्यांबरोबर प्रत्यक्ष खेळून बघता येतात, नियमातली अडचण खेळल्याशिवाय कळतही नाही. पीसीवाल्यांना ही चैन नाही.

ताम्पेरेकर
फिनलंडमधून लिहीत आहे. ताम्पेरे, तुर्कू आणि युवास्कुला या तीन विद्यापीठांनी मिळून २०१८ पासून गेम-संस्कृतीच्या अभ्यासाचं उत्कृष्टता केंद्र चालवलं, त्यामुळे इथे "गेम कशाला?" असा प्रश्न येत नाही. पण व्यवस्थेतली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. इथे विद्यापीठातल्या शिक्षक-संशोधकाचा वेळ वर्षाच्या हिशेबाने मोजतात, सुमारे १६०० तास, आणि वर्षाच्या सुरुवातीला कार्ययोजना भरून द्यावी लागते. त्यात कुठल्या प्रकल्पाला किती तास ते स्वतः लिहायचं असतं. गेम खेळण्याचे तास त्यात प्राथमिक साधनांच्या अभ्यासाखाली येतात. तासच लिहिलेले असल्याने 'हे काम की मौज' हा वाद उरत नाही, आणि तास संपले की कामही संपतं.
भारतात अशी योजना कुणी मागत नाही, पण विभागप्रमुखांना सत्राच्या सुरुवातीला एक पानी टिपण देण्यापासून कुणी अडवतही नाही: गेमचं नाव, संशोधनाचा प्रश्न, तास, आठवडे, निष्पत्ती. वरचा सेव्हपॉइंट यांचा भागाकार त्यातच जातो. नॅकच्या वेळी हाच कागद आयक्यूएसीला (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला) उपयोगी पडतो, म्हणून तो नाकारतही नाहीत.
पालकत्वाची रजा मात्र उचलून नेता येणार नाही. इथे २०२२ च्या ऑगस्टपासून आईवडिलांना प्रत्येकी १६० कामाचे दिवस असतात.

तासिकातत्त्व
सगळं वाचलं. कार्ययोजना, कॅलेंडर, १ टीबीची डिस्क. पण सीएचबीवर (तासावारी मानधनावर), तीन कॉलेजं फिरणाऱ्यांचं काय? ना रजा, ना २४ तास उरतात, मे महिन्यात मानधनही नाही. त्यांच्यासाठी काही असेल तर सांगा.

सेव्हपॉइंट
@तासिकातत्त्व, रास्त प्रश्न. घड्याळ बदलता येत नाही, काम छोटं करता येतं. दोन तासांच्या आतले गेम, फोनवर चालणारे. एका गेमवर एकच प्रश्न. प्रवासात खेळा, पण नोंद बसस्टॉपवर आवाजातच करून टाका. विकत घेण्याआधी स्टीमचा परताव्याचा नियम वापरा: खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलात तर पैसे परत. जुन्या लॅपटॉपवर चालतो का हे बघायला तेवढं पुरतं. मात्र सुरुवातीच्या मेन्यूत बसून सेटिंग करत बसलेला वेळही त्यात मोजला जातो. (दीड तासाचा गेम संपवून परत करणं नियमात बसतं, निर्मात्याच्या पोटावर मारणं असतं. तेवढं करू नका.)
शिकवण्यातच संशोधन घुसवणं हा दुसरा मार्ग. २ क्रेडिटचा मुक्त ऐच्छिक विषय, क्रेडिटला १५ प्रमाणे ३० तास. मुलांकडून ट्वाइनमध्ये (पर्याय निवडत पुढे जाणाऱ्या गोष्टी बनवायचं साधन) मराठी संवादखेळ करून घ्या, फुकट आहे, देवनागरी नीट चालते. पण ट्वाइनचं ब्राउझरमधलं काम त्या ब्राउझरच्या साठ्यातच राहतं. प्रयोगशाळेतले संगणक बंद केल्यावर सगळं पुसणारे असतात, दुसऱ्या दिवशी मुलांचा खेळ गायब. तास संपण्याआधी दहा मिनिटं प्रत्येकाने एचटीएमएल फाइल स्वतःच्या मेलवर पाठवायची, हा नियम पहिल्या दिवसापासून.
तपासणीचं ओझं आधीच बांधून घ्या. ६० मुलं, प्रत्येकी १५ मिनिटं म्हणजे १५ तास. 'जास्तीत जास्त १२ पानं, सोबत पानांच्या जोडणीच्या पूर्ण नकाशाचा स्क्रीनशॉट' अशी अट घातली की प्रत्येकी ५ मिनिटांत होतं, एकूण ५ तास. चांगलं काम नकाशावरच ओळखू येतं: फांद्या फुटून पुन्हा जुळतात की नुसतीच सरळ रेघ आहे.

मोजूनमापून
पदोन्नतीचं गणित राहिलं. यूजीसीच्या २०१८ च्या तक्त्यात मानव्यविद्येच्या शोधनिबंधाला १० गुण आहेत. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे ७. एकट्याने एक निबंध लिहिला तर १०, त्याच ताकदीत दोघांनी मिळून दोन लिहिले तर प्रत्येकी १४. साहित्याच्या विभागांत एकट्याने लिहायची सवय आहे, पण गेमच्या बाबतीत एक खेळतो तेव्हा दुसरा नोंदी घेतो, ही वाटणी स्वाभाविक आहे आणि घरच्या तासांना परवडते. तिघे झालात की मुख्य लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना ३०. तिथे गणित बिघडतं.
यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी २०२५ मध्ये बंद झाली. आता नियतकालिकाची पारख कॉलेजने करायची आहे. 'गेम स्टडीज' (२००१ पासून, खुलं) आणि 'गेम्स अँड कल्चर' (२००६ पासून) यांच्यासारख्या ठिकाणी पाठवणार असाल तर संपादक मंडळ आणि परीक्षणपद्धतीची छापील पानं निबंधासोबत फाइलला लावा. छाननी समितीत या विषयाचा माणूस नसतो.
परिषदांना वर्षाला ३० दिवसांपर्यंत कर्तव्य रजा आहे. पण डायग्राची (गेम-अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना) मुख्य परिषद अलीकडे जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला येते, म्हणजे ऐन प्रवेशाच्या गर्दीत. अर्ज मार्चमध्येच देऊन ठेवा आणि प्रवेश समितीऐवजी परीक्षा समिती मागून घ्या. परिषद युरोपात असेल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.
खरेदीचं एक. स्टीमवरचा गेम व्यक्तीच्या खात्याला बांधलेला असतो, ग्रंथालयाच्या मालकीचा होत नाही, आणि लेखापरीक्षणात हमखास शेरा येतो. कॉलेजच्या पैशाने घ्यायचं तर कन्सोलची डिस्क घ्या, ती डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) रजिस्टरला चढते. नाहीतर गॉगसारख्या ठिकाणाहून, जिथे कुलूप नसलेली इन्स्टॉल फाइल मिळते.

दगडगोटे
पैशांचे ऑनलाइन खेळ अभ्यासणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने ते बंद झाले. अॅप उघडत नाही म्हणून विषय संपत नाही, पण जाहिराती, अटींची पानं, बक्षिसांचे तक्ते वेबवरून झपाट्याने नाहीसे होतात. जे सापडेल ते आजच उतरवून ठेवा, मुलाखती नंतर झाल्या तरी चालतील. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. मुलाखत देणाऱ्याला हे आधी सांगितलंत तर तो मोकळेपणी बोलतो.

पटावरची_सोंगटी
सगळ्यांचे आभार. एक बारीक शंका काचेची_गोटी यांना: जुन्या बाह्य डिस्कवर रेकॉर्डिंग लावलं तर दर वेळी दीडेक तासाने आपोआप थांबतं. ओबीएसमध्ये काही मर्यादा असते का?

काचेची_गोटी
ओबीएसची नाही, डिस्कची. ती एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असणार. त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, आणि तासाला २.७ जीबी म्हणजे साधारण दीड तासातच ती भरते. आतलं सगळं दुसरीकडे उतरवून डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. तोपर्यंत ओबीएसच्या अॅडव्हान्स्ड मोडमध्ये रेकॉर्डिंगखाली फाइलचे आपोआप तुकडे पाडण्याचा पर्याय आहे, तो ६० मिनिटांवर लावा.